गल्लीच्या पोटातला ढाळ

गेल्या गणेशोत्सवात, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, आरती सुरू असताना मंडळाच्या मागच्या बॅकलेनमधले चेंबर भरून वाहू लागले. पाऊस जेमतेम अर्धा तास झाला होता. मंडळींनी मागच्या खिडक्या लावून घेतल्या, पंगत पुढच्या अंगणात हलवली आणि कोणीतरी निगमच्या हेल्पलाइनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, प्रेशरने लाइन मोकळी करून गेली. दिवाळीपर्यंत ठीक चालले. दिवाळीत, पावसाचा थेंब नसताना, पुन्हा तेच.

अशा वेळी आपण सगळेच जे म्हणतो तेच तेव्हाही म्हटले गेले. पाइप लहान आहे, मोठा टाकून घ्या. पार्षदांना द्यायचा अर्जही लिहून तयार होता. तो दिला गेला नाही, कारण डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्याची बातमी आली आणि नाल्या-गटारांचा विषय अर्जापुरता राहिला नाही.

भागीरथपुऱ्यात काय झाले हे इंदूरकरांना सांगायला नको. नळाच्या पाण्यात मैला मिसळला, शेकडो माणसे आजारी पडली, कित्येक दगावली. मृतांच्या आकड्यावरून नंतर जे वाद झाले त्यात आम्ही पडत नाही. एका घरातले एक माणूस गेले तरी त्या घराचा आकडा पूर्ण होतो. मुख्य जलवाहिनीची गळती पोलिस चौकीजवळ सापडली आणि त्याच जागी वर शौचालय बांधलेले होते, एवढे सर्वांसमोर आले. तिथला प्रकार थेट ड्रेनेजच्या ढाळाचा नव्हता. पण पिण्याचे पाणी आणि मैला जमिनीखाली एकमेकांच्या किती जवळ असतात, ते त्या आठवड्यात शहराला पहिल्यांदा नीट कळले. २०१७ पासून स्वच्छतेत सलग पहिले येणारे आणि २०२१ मध्ये देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ ठरलेले हे शहर. ती बक्षिसे खोटी नाहीत. सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकून ओला-सुका कचरा वेगळा देण्याची सवय आपल्याच घरांनी लावून घेतली आहे. फक्त ती सगळी स्वच्छता जमिनीच्या वरची, डोळ्यांना दिसणारी. खाली काय आहे ते बघायला कोणी परीक्षक उतरत नाही.

म्हणून या उन्हाळ्यात आम्ही, म्हणजे मंडळातले तीन-चार निवृत्त अभियंते, एक वास्तुविशारद आणि मोजमापाची हौस असलेले इतर काही जण, मागच्या गल्लीची लाइन मोजायला घेतली. तोच हिशेब इथे मांडतो आहोत. आकडे आहेत, पण दहावीच्या गणितापलीकडचे काही नाही.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडे नर्मदेचे पाणी जलूदहून येते. नदी खाली, शहर वर. त्यामुळे १९७८ मध्ये पहिला टप्पा सुरू झाल्यापासून प्रत्येक थेंब विजेच्या जोरावर घाट चढून येतो. तेच पाणी वापरून झाले, की परत जाताना कोणी ढकलत नाही. ते आपल्या वजनाने, उतारावरून, गल्लीतून मोठ्या लाइनीत आणि तिथून शुद्धीकरण केंद्राकडे वाहत जावे अशी अपेक्षा असते. आणण्याचा खर्च मोठा, नेण्याचा जवळजवळ शून्य. अट एकच, पाइपाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढाळ हवा. आणि हा ढाळ पाइप टाकताना एकदाच देता येतो. नंतर रस्ता झाला, त्यावर पेव्हर ब्लॉक बसले, बॅकलेनच्या भिंतींवर चित्रे रंगवली गेली, की खालचा ढाळ सुधारायला सगळे पुन्हा फोडावे लागते.

मोजणी अशी केली. निगमच्या माणसांनी चार चेंबरची झाकणे उघडली आणि बराच वेळ उघडी ठेवली. आमच्यापैकी कोणीही आत उतरले नाही की वाकून डोकावले नाही. आतला वायू जीव घेतो, तो विषय पुढे येईलच. खुणा केलेली लांब सळई वरून सोडून पाइपाच्या तळापर्यंतची खोली घेतली. झाकणांच्या कडा एकमेकींपेक्षा किती वर-खाली आहेत ते गवंड्याच्या पारदर्शक नळीने पाहिले. नळीत पाणी भरायचे, दोन टोके दोन चेंबरपाशी धरायची. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते. हजारो रुपयांचे यंत्र लागत नाही. एका सभासदाच्या नातवाने नळीत बुडबुडा राहिल्याचे दाखवून दिले म्हणून पहिली सगळी मापे रद्द करून पुन्हा घ्यावी लागली, ही गंमत वेगळी.

चेंबर तीस-तीस मीटरवर आहेत, म्हणजे लाइन नव्वद मीटरची. पहिल्या ते दुसऱ्या चेंबरात पाइपाचा तळ १६ सेंटीमीटर खाली उतरतो. छान. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत तो उतरायच्या ऐवजी २ सेंटीमीटर चढतो. तिसऱ्या ते चौथ्यात पुन्हा ७ सेंटीमीटर उतरतो. एकूण उतार नव्वद मीटरला २१ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ४३० ला १. मधला तुकडा तर उलटाच. लाइन नेहमी चोक होते ती दुसऱ्या चेंबरपाशी, हे गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. का होते ते मात्र कोणी नळी धरून पाहिले नव्हते.

हा उलटा ढाळ टाकतानाच चुकला की नंतर झाला? दोन्ही शक्य आहे. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाइपाखाली नीट दाबलेला मुरूम किंवा काँक्रीटचा थर नसेल, तर दोन-चार वर्षांत पाइप मधेच बसतो, सांधे उघडतात. लाइन टाकणाऱ्या ठेकेदाराचे नाव घेण्यात अर्थ नाही. त्याने त्या वेळी खालचा थर टाकला की नाही याचा कागद आज कोणाकडेच नाही.

आता पाणी किती येते ते पाहू. गल्लीत पूर्वी दहा-बारा बैठी घरे होती. आता बहुतेकांच्या जागी तीन-चार मजली इमारती आहेत, सत्तरेक फ्लॅट, साडेतीनशे माणसे. केंद्र सरकारच्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेप्रमाणे ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, गटारात येते असे मानतात. साडेतीनशे माणसांचे झाले दिवसाला ३७,८०० लिटर. चोवीस तासांत सारखे वाटले तर सेकंदाला अर्धा लिटरही नाही. पण आपण पाणी सारखे वापरत नाही; सकाळी सात ते नऊ सगळी गल्ली एकदम अंघोळीला जाते. म्हणून वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरायचा असा नियम आहे. तिप्पट केले की सेकंदाला १.३ लिटर. पंधरा लिटरची बादली साडेअकरा सेकंदांत भरेल एवढीच ती धार. साडेतीनशे माणसांच्या सकाळच्या गर्दीची!

आणि पाइप? २०० मिलिमीटरचा, म्हणजे आठ इंची. त्यातून किती पाणी जाऊ शकते हे काढायला मॅनिंगचे सूत्र वापरतात. रॉबर्ट मॅनिंग हे आयर्लंडचे अभियंता. १८८९ मध्ये त्यांनी मांडलेले हे सूत्र आजही जगभर चालते. सूत्राचा अर्थ असा: वेग तीन गोष्टींवर ठरतो. पाइप आतून किती खरखरीत आहे, पाण्याचा किती भाग पाइपाच्या अंगाला घासतो आहे, आणि ढाळाचे वर्गमूळ. खरखरीतपणाचा अंक आम्ही ०.०१३ धरला, काँक्रीटच्या पाइपाला तो सर्रास धरतात. ४३० ला १ या ढाळावर आपला पाइप तुडुंब भरून वाहिला तर सेकंदाला १५.८ लिटर नेऊ शकतो.

लागतात १.३. नेऊ शकतो १५.८. पाइप लहान तर नाहीच, गरजेच्या बारापट मोठा आहे.

मग चोक का होतो? कारण मैला नेण्यासाठी पाणी मावणे पुरत नाही, ते पळावे लागते. सेकंदाला ०.६ मीटर हा किमान वेग मानला आहे. त्याखाली वाळू, घासणीची राख, कागद आणि स्वयंपाकघरातले तूप तळाशी बसू लागते. आमच्या पाइपात सकाळच्या गर्दीतही पाण्याची उंची चार सेंटीमीटरपेक्षा कमी आणि वेग फक्त ०.३ मीटर. अर्धाच. दुपारी तर त्याहून कमी. त्यात मधला तुकडा उलटा, तिथे डबके कायमचेच. दिवाळीत फराळाचे तेल-तूप त्यात गेले आणि लाइन बसली, यात नवल ते काय.

इथे एक फसवी जागा आहे आणि ती नीट समजून घ्यावी असे आम्हाला वाटते, कारण शहरात येत्या काळात जी कामे होतील त्यात तीच चूक पुन्हा होऊ शकते. कामाच्या तक्त्यांमध्ये २०० मिलिमीटरच्या पाइपाला २५० ला १ ढाळ दिलेला सापडतो. हिशेब केला तर त्या ढाळावर वेग ०.६६ मीटर येतो, म्हणजे नियमात बसला. पण हा वेग पाइप भरून वाहील तेव्हाचा. गल्लीच्या टोकाची लाइन जन्मात कधी भरून वाहत नाही. साडेतीनशे माणसांच्या पाण्याला खरोखर ०.६ चा वेग हवा असेल, तर ढाळ ६० ला १ च्या आसपास लागतो. नव्वद मीटरला दीड मीटर! जिथे माणसे कमी तिथे ढाळ जास्त, जिथे माणसे जास्त तिथे कमी ढाळही चालतो. ऐकायला उलटे वाटते, पण आहे तसेच. मोठ्या रस्त्याची मोठी लाइन त्यामुळे सहसा कुरकुर करत नाही. कुरकुर करतात त्या गल्लीबोळातल्या टोकाच्या लाइनी, आणि आपण सगळे राहतो तिथेच.

दीड मीटर ढाळ देणे प्रत्येक गल्लीत जमणार नाही हेही खरे. रामबाग असो, लोकमान्य नगर असो की राजवाड्याच्या मागचा भाग, काळ्या मातीखाली कुठे चार फुटांवर, कुठे दहा फुटांवर बेसाल्ट लागतो. खडक फोडायचा तर खर्च वाढतो, शेजारच्या जुन्या भिंतींना तडे जातात. शिवाय गल्लीची लाइन मोठ्या लाइनीच्या पातळीपेक्षा खाली नेऊन चालत नाही, नाहीतर तिथे पंप बसवावा लागेल. म्हणून जमेल तेवढा ढाळ द्यायचा, आणि तो पुरणार नाही हे आधीच मान्य करून ठरलेल्या मुदतीत लाइन धुवायची, चोक होण्याची वाट न पाहता. आमच्या मते हे धुणे कामाच्या हिशेबातच धरले पाहिजे. आज ते तक्रारीवर चालते. ज्याच्या ओळखी त्याची लाइन आधी धुतली जाते.

आता मोठ्या पाइपाची मागणी. याच ढाळावर ३०० मिलिमीटरचा पाइप टाकला तर काय होईल तेही काढून पाहिले. वेग ०.३ वरून ०.२९ वर येतो आणि पाण्याची उंची साडेतीन सेंटीमीटरच्या खाली. पसरट भांड्यात तेच पाणी पातळ पसरते, तसे. फरक थोडा, पण आहे तो वाईट बाजूला. त्याहून खरा धोका वेगळाच. मोठ्या पाइपाला तक्त्यात आणखी कमी ढाळ चालतो, ४५० ला १ पर्यंत, कारण तो तक्ताही भरलेल्या पाइपाचा. ढाळ कमी म्हणजे खोदाई कमी, खोदाई कमी म्हणजे ठेकेदाराची बचत. आपण मोठा पाइप मागतो, मिळतो. आणि त्याबरोबर आहे तोही ढाळ हातातून जातो. आमचा तो अर्ज गेला नाही हे बरेच झाले.

राहिला गणेशोत्सवातला पूर. तेव्हा तर खरोखर पाइप भरला होता. त्याचे उत्तर आम्हाला वर बघितल्यावर मिळाले. शंभर चौरस मीटरची, म्हणजे साधारण १,०७५ चौरस फुटांची एक गच्ची घ्या. तासाला ५० मिलिमीटर या जोराचा पाऊस, जो आपल्याकडे काही अपूर्वाईचा नाही, तिच्यावर पडला तर सेकंदाला १.४ लिटर पाणी उतरते. एकच गच्ची, आणि साडेतीनशे माणसांच्या सकाळच्या सगळ्या सांडपाण्यापेक्षा जास्त! मैल्याची लाइन पावसासाठी नसतेच. पावसाचे पाणी वेगळ्या नाल्यात जायचे असते. अकरा गच्च्यांचे पाणी आत सोडले की आमचा बारापट मोठा पाइप भरला.

आम्ही गल्लीतले उतरते पाइप मोजले. चौदा गच्च्यांचे पाणी थेट चेंबरात जाते. त्यातली एक गच्ची मंडळाच्या सभागृहाची.

ही गोष्ट लिहिताना बरे वाटत नाही, पण निगमला नावे ठेवायला ज्या खिडकीत आम्ही उभे होतो त्याच खिडकीशेजारून आमचा पाइप खाली उतरत होता. मे महिन्यात तो तोडून, वाळू-खडीची गाळणी बसवून, पाणी आवारातल्या जुन्या विहिरीत सोडले आहे. उरलेल्या तेरांपैकी चार घरांनी होकार दिला आहे. दोघांनी स्पष्ट नाही म्हटले, बाकीचे पाहू म्हणाले. पाहू.

भरलेले गटार म्हणजे वास आणि गैरसोय, एवढाच हा विषय असता तर एवढे लिहिले नसते. चोक झालेल्या लाइनीत काय होते ते पाहा. नेहमी चार सेंटीमीटर पाणी वाहणारा पाइप तुडुंब भरतो, चेंबरात मीटरभर वर चढतो. आता त्या पाण्याला दाब आहे. ज्या सांध्यांतून एरवी काही गळत नव्हते त्यांतून ते आजूबाजूच्या मातीत झिरपते. जुन्या गल्ल्यांमध्ये जागाच नसते. पिण्याच्या पाण्याची लाइन त्याच चरात, कधी हातभर अंतरावर, कधी सरळ चेंबरमधून आरपार गेलेली. नियम सांगतो की दोन्हींत तीन मीटर अंतर हवे, आणि तेवढे नसेल तर पिण्याची लाइन गटाराच्या माथ्यापेक्षा निदान अर्धा मीटर वर हवी. आपल्याकडे नळ येतात एक दिवसाआड, थोडा वेळ. तेवढ्या वेळात नळाच्या लाइनीत दाब असतो, फट असली तर पाणी बाहेर जाते. उरलेले जवळजवळ दोन दिवस ती रिकामी, कधी तर आतून ओढ लागलेली. त्यात कोणी घरात मोटर लावून पाणी खेचले तर विचारायलाच नको. भिजलेल्या मातीतले जे काही आहे ते त्या फटीतून आत येते. पुढच्या खेपेला नळ सोडल्यावर पहिल्या पाच मिनिटांचे पाणी पिवळट का येते आणि का वास मारते, याचे उत्तर अनेकदा तुमच्या मागच्या गल्लीतल्या दोन सेंटीमीटरच्या उलट्या ढाळात असते.

आणि चोक काढायला कोणीतरी येतो. यंत्राची गाडी जिथे पोचत नाही अशा बोळात अजूनही माणसाला आत उतरवण्याचा मोह होतो. मंद वाहणाऱ्या, कुजणाऱ्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढले की वासच कळेनासा होतो आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली यातच सगळे आले. खाजगी प्लंबर बोलावून ‘जरा उतरून बघ’ म्हणणारे आपल्यातही आहेत. तो गुन्हा आहे. हाच वायू काँक्रीटच्या पाइपाचा माथाही आतून खातो, म्हणून काही वर्षांनी रस्ता अचानक खचतो. तेही मूळ दुखणे कमी वेगाचेच.

इंदूरच्या गटारांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही गाजला होता, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडीस इथे आले. शहर प्लेगने हैराण होते. गेडीस यांनी दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढली, त्यात प्लेगच्या उंदराचे सोंग होते. लोकांनी घरे, गल्ल्या साफ करून तिचे स्वागत केले. स्वच्छतेच्या मोहिमा इंदूरला नव्या नाहीत. १९१८ मध्ये त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला आणि त्यात खर्चिक ड्रेनेज योजनेवर कडाडून टीका केली. मैला नदीकडे वाहून नेण्यापेक्षा जवळच्या बागांना, मातीला द्यावा, असा त्यांचा कल होता. तीस-पस्तीस लाखांच्या आजच्या शहराला तो उपाय पुरणार नाही आणि त्या बाबतीत आम्ही गेडीस यांच्या बाजूचे नाही. पण त्यांची कामाची रीत आम्हाला पटते. ते आधी पायी फिरत, एकेक गल्ली, एकेक विहीर पाहत, मग नकाशावर रेघ मारत. आज रेघ आधी मारली जाते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे येत्या दोन वर्षांत इंदूरच्या जमिनीखाली बरेच काही बदलणार आहे. भागीरथपुऱ्यानंतर जुन्या वस्त्यांतल्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी बदलण्याचा रेटा आहे. केंद्राच्या अमृत २.० योजनेचा पैसा आहे. उज्जैनला २०२८ चा सिंहस्थ आहे, आणि आपल्या कान्ह नदीत जे जाते ते शेवटी क्षिप्रेला मिळते. कान्हचे पाणी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून बंद वाहिनीतून पुढे नेण्याचे कामही त्यासाठीच. मुदत ठरलेली, पाहणाऱ्यांच्या नजरा खिळलेल्या. अशा घाईत काम मोजले जाते ते किलोमीटरमध्ये. किती किलोमीटर पाइप टाकला, किती चेंबर बांधले. ढाळ किती दिला, हे उद्घाटनाच्या फलकावर कधी कोणी वाचले आहे?

म्हणून तुमच्या गल्लीत खोदाई सुरू होईल तेव्हा व्यासाची चौकशी थोडी बाजूला ठेवा. अभियंत्याकडे त्या लाइनीचा एल-सेक्शन मागा. हा एक लांबट आराखडा असतो, त्यात प्रत्येक चेंबरपाशी पाइपाच्या तळाची पातळी लिहिलेली असते. तो दाखवायला साइटवर टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात मागता येतो. दोन पातळ्यांची वजाबाकी करा, मधल्या अंतराला तिने भागा. ढाळ हातात येईल. पाइपाखाली थर टाकला का ते चर बुजवण्याआधी बघा, नंतर बघता येत नाही. चर उघडा असतानाच दोन चेंबरमध्ये बॅटरी आणि आरशाने सरळपणा तपासतात: एकीकडून उजेड सोडला की दुसरीकडच्या आरशात पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर पाइप मधेच बसला आहे. पाइपाच्या व्यासापेक्षा थोडा लहान चेंडू वरच्या चेंबरातून सोडायचा, तो खालच्यात आला पाहिजे, हीही जुनी आणि पक्की तपासणी आहे. हे दोन्ही प्रकार कामाच्या नियमांतच आहेत, आपण काही जगावेगळे मागत नाही. समोर उभे राहून मागणारा कोणी असला की होतात. नसला की कागदावर होतात. आणि नळाची नवी लाइन त्याच चरात, गटाराच्या बरोबरीने किंवा खाली टाकताना दिसली, तर काम तिथेच थांबवून लेखी तक्रार द्या. त्यासाठी मोजमाप लागत नाही, डोळे पुरतात.

आमच्या गल्लीपुरते म्हणाल तर मोजमापांचा तक्ता आणि साधा नकाशा झोन कार्यालयात दिला आहे. मोठ्या पाइपाची मागणी काढून टाकली आणि दुसऱ्या ते तिसऱ्या चेंबरमधला तीस मीटरचा तुकडा पुन्हा टाकावा, एवढेच मागितले. तिसऱ्या चेंबरचा तळ साडेचार सेंटीमीटर खाली घेतला तर दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत ढाळ एका दिशेने सुरू राहतो. जमेल तेवढाच, पण सरळ. त्यासाठी तिसऱ्या ते चौथ्यातला तुकडाही उचलून नव्या पातळीवर बसवावा लागेल, हे आमच्याही नंतर लक्षात आले आणि पुरवणी पत्र द्यावे लागले. कनिष्ठ अभियंता तरुण आहे, त्याने तक्ता दोनदा वाचला आणि नळीने कसे मोजले ते विचारले. पावसाळ्याआधी काम होणे कठीण दिसते. तोपर्यंत महिन्यातून एकदा लाइन धुवायचे त्याने तोंडी कबूल केले आहे.

ती नळी, खुणांची सळई आणि कोरे तक्ते मंडळाच्या कार्यालयात, वाचनालयाशेजारच्या कपाटात ठेवले आहेत. ज्या गल्लीला मोजायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत यावे. चेंबरचे झाकण मात्र निगमच्या माणसांकडूनच उघडून घ्यावे, आणि नळीत पाणी भरताना बुडबुडा राहिला नाही ना, ते एकदा लहान मुलाकडून तपासून घ्यावे.